बाईंच्या ओट्यावरचा चोर

नऊ वर्षं मी चोर होतो. पोट वेल्डिंगच्या दुकानावर चालायचं, अजूनही चालतं. पण बुधवारी आणि रविवारी सकाळी मी अमरावतीबाहेर वलगाव रस्त्याला उस्तादांच्या वावरात जायचो आणि चोर व्हायचो. उस्ताद म्हणजे पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेला माणूस. माणसांची राखण करणारी कुत्री ते तयार करायचे, आणि अशी कुत्री तयार करायला एक चोर लागतोच. तो अंगावर धावून येतो, चिरलेल्या बांबूची काठी फटाफट आपटतो, शिव्या देतो आणि शेवटी हातातल्या ज्यूटच्या जाड बाहीवर कुत्र्याला चावू देतो. लग्नकार्यात कुणी ‘काय करता?’ असं विचारलं की माझ्या आधी माझी बायको सांगायची, “वेल्डिंग, आणि हप्त्यातून दोन दिवस चोऱ्या.” ऐकणाऱ्याचं तोंड पाहून तिला फार आनंद व्हायचा.

चोरी हे कसबाचं काम आहे, हे लोकांना पटत नाही. कुत्रं झेपावलं की हात कुठे द्यायचा, किती द्यायचा, घाबरल्याचं सोंग कधी करायचं, हे सगळं कळावं लागतं. कारण शेवटी कुत्र्याला जिंकू द्यायचं असतं. त्याने भरल्या तोंडाने बाही धरली, चिवडली नाही, घट्ट धरून ठेवली, की मी हात सैल सोडायचो. बाही निसटून त्याच्या तोंडात जायची आणि ते ती फरफटत मालकाकडे मिरवत न्यायचं. मी धूम ठोकायचो. माझ्या डाव्या हातावर सात खुणा आहेत. त्यातल्या पाच माझ्या चुकीच्या आहेत, कुत्र्यांच्या दोनच.

उस्तादांचं एक ठाम मत होतं. “चावणं हे महिनाभराचं काम हाये. सोडणं शिकवाले साल लागते.” मालकाच्या तोंडून ‘सोड’ निघाल्यावर जे कुत्रं त्याच क्षणी तोंड उघडत नाही, ते उस्ताद कुणाला देत नसत. पण येणारे बहुतेक लोक सोडण्याचं विचारतच नसत. त्यांना फक्त धरण्यात गोडी. अकोल्याहून एक जण आला होता, त्याला असं कुत्रं हवं होतं की पाहुणा बसलेला असताना याने मिशीला हात लावला की कुत्र्याने गुरगुरावं. उस्तादांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, “भाऊ, तुमाले कुत्र्याची नाही, मिशीची हौस हाये. मिशीच वाढवा.” अशा लोकांचा मला मनापासून राग येतो. कुत्रं म्हणजे काही गाडीचा हॉर्न नव्हे.

चोरासाठीही एक नियम होता, आणि तो कडक होता. चोराने कुत्र्याशी मैत्री करायची नाही. खाऊ घालायचं नाही, कुरवाळायचं नाही, काम झाल्यावर त्याच्या नजरेसमोर रेंगाळायचंही नाही. काम संपलं की मी विहिरीमागच्या टिनाच्या खोलीत जाऊन बसायचो, कुत्रं गाडीत बसून जाईपर्यंत. आता खरं सांगायचं तर मला कुत्री फार आवडतात. लहानपणापासून आवडतात. त्या नऊ वर्षांत माझ्या हातून चाळीसेक कुत्री तयार झाली असतील, आणि त्यातलं एकही मला पाहून शेपटी हलवणारं नव्हतं. टिनाच्या फटीतून मी त्यांना मालकाच्या अंगावर उड्या मारताना पाहायचो. वाईट वाटायचं. उगाच मोठेपणा सांगत नाही, खरंच वाईट वाटायचं.

मग वरूडच्या बाई आल्या. शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून अख्खं गाव त्यांना बाईच म्हणे. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. गावापासून दीड कोसावर संत्र्याची बाग, बागेतच घर, आणि बाई त्या घरात एकट्या. मुलगा पुण्याला नोकरीत. वैशाखातल्या एका दुपारी दोन जण दुचाकीवर आले, बागेचा सौदा करायचा आहे म्हणाले, आणि प्यायला पाणी मागितलं. बाईंनी गडवा भरून दिला. पाणी पिऊन झाल्यावर त्यातल्या एकाने बाईंना ढकललं आणि गळ्यातली सोन्याची साखळी तोडून नेली. बाई ओट्यावरून पडल्या, डावं मनगट मोडलं. पोलिसात तक्रार झाली, माणसं सापडली नाहीत.

मुलगा तिसऱ्या दिवशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, आई, पुण्याला चल, बाग ठेक्याने देऊन टाकू. बाई नाही म्हणाल्या. तीन-चार दिवस घरात हेच चाललं. शेवटी ठरलं ते असं, की आईने राखणीचं चांगलं कुत्रं ठेवावं; मृगाच्या बहाराची तोडणी होईपर्यंत, म्हणजे फाल्गुनापर्यंत, मुलगा वाट पाहील; तेवढ्यात त्याची खात्री पटली तर ठीक, नाही तर बाईंनी घराला कुलूप लावून मुकाट पुण्याला जायचं. बाईंनी हे उस्तादांना प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून, अगदी फळ्यावर लिहिल्यासारखं स्पष्ट सांगितलं. वर म्हणाल्या, “पुण्यात मी चौथ्या माळ्यावर बसून काय करू जी? खिडकीतून दुसऱ्याची खिडकी पाहू?”

कुत्रंही योगायोगाने मिळालं. अकोल्याच्या एका कुटुंबाने हौसेने जर्मन शेफर्डची मादी घेतली होती आणि ते फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर ती त्यांना जड झाली होती. सव्वा वर्षाची, अंगाने सडपातळ, तोंड डोळ्यांपर्यंत काळंभोर. बाईंनी तिला एक सुंदर नाव ठेवलं. मी मात्र मनातल्या मनात तिला काळतोंडीच म्हणायचो, आणि इथेही तेच म्हणतो.

एरवी कुत्रं आमच्याकडे वावरात शिकायचं. काळतोंडीला मात्र बाईंच्या घरीच, बागेतच शिकवायचं असं उस्तादांनी ठरवलं, कारण राखायचं होतं ते घर आणि ती बाई. म्हणून आषाढापासून आम्ही दोघं हप्त्यातून दोनदा मोटारसायकलने वरूडला जाऊ लागलो. बाईंनी आधी तिला आपली सवय लावली, चालणं-बसणं शिकवलं. त्यात त्या आमच्याहून सरस निघाल्या. ‘सोड’ तर पहिल्या दिवसापासून खणखणीत. तीस वर्षं पोरांच्या हातातल्या गोट्या, पतंग आणि एकमेकांची डोकी सोडवलेला आवाज होता तो. त्या ‘सोड’ म्हणाल्या की मीही हातातली काठी सोडायचो.

अडचण होती ती ‘धर’ची. मी बांधावरून शिव्या देत यायचो, काळतोंडी दोरी ताणून उभी, आणि बाई हळूच म्हणायच्या, “धर.” जणू कुणाला वही धरायला सांगत आहेत. उस्ताद कपाळावर हात मारायचे. “बाई, तो चोर हाये. तुमाले माराले येऊन राहिला.” बाई माझ्याकडे पाहायच्या आणि म्हणायच्या, “हाव, पण त्याचं तोंड तं पाहा. सकाळपासून काई खाल्लेलं नाई दिसत त्यानं.”

आणि इथेच घोटाळा सुरू झाला. आमच्या वऱ्हाडात दुपारच्या वेळी दारात आलेला माणूस उपाशी गेला, तर घरच्या बाईला रात्री झोप लागत नाही. पहिल्याच दिवशी काम संपल्यावर मी नियमाप्रमाणे बागेतल्या विहिरीकडे निघालो, तर बाईंनी ओट्यावरून हाक मारली. मी म्हणालो, बाई, मी चोर आहे, कुत्र्यासमोर मला बसता येत नाही. बाई म्हणाल्या, “चोर असशीन तं तिकडं बांधावर. इथं ओट्यावर तू पाहुणा हायेस. हात धू.”

उस्ताद असताना ते मला अडवायचे. मला ताट विहिरीवर पाठवलं जायचं. पण भाद्रपदात उस्तादांचा गुडघा धरला. त्यातून अकोल्यात त्यांनी दोन कुत्री शिकवायला घेतलेली होती. मग मी एकटाच वरूडला जाऊ लागलो. सकाळी दोन तास चोरी, आणि दुपारी ओट्यावर ज्वारीची भाकर, बेसनाच्या पाटोडीचा झणझणीत रस्सा, कांदा आणि बाईंच्या गप्पा. काळतोंडी आधी लांबून पाहायची. मग जवळ आली. मग एके दिवशी मी जेवत असताना ती माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपली.

मी भाकरीचा घास हातात धरून तसाच बसलो. पाय बधिर झाला, मुंग्या आल्या, तरी हललो नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी शिकवलेलं कुत्रं माझ्या अंगाला टेकून निजलं होतं. नियम मोडला हे मला कळत होतं. उस्तादांना सांगायला हवं हेही कळत होतं. मी सांगितलं नाही, उलट पुढच्या वेळी भाकरीचा तुकडा खिशात घालून नेला. बाईंना दोष देता येणार नाही. त्यांनी आपला धर्म पाळला. मी माझा सोडला.

दिवाळीला मुलगा आला. चार दिवसांनी जाण्याआधी त्याला सगळं दाखवायचं ठरलं. उस्तादही गुडघ्याला पट्टा बांधून आले. मी बांधावरून आलो, काठी आपटली, आरडाओरडा केला. बाई बऱ्यापैकी मोठ्याने ‘धर’ म्हणाल्या. काळतोंडी बाणासारखी आली, बाही भरल्या तोंडाने धरली, ‘सोड’ म्हणताच सोडली. पाहायला सगळं बरोबर. फक्त बाही तोंडात असताना तिची शेपटी मजेत हलत होती. आणि सुटल्याबरोबर ती माझ्या पुढे-पुढे पळत ओट्यावर गेली, माझा पाट नेहमी जिथे मांडलेला असे तिथे जाऊन बसली आणि माझ्याकडे तोंड करून वाट पाहू लागली.

मुलगा आधी हसला. मग त्याचं हसू गेलं. तो काही वाईट माणूस नव्हता, आईच्या काळजीने त्याचं डोकं फिरलं होतं. “हा खेळ आहे, आई,” तो म्हणाला. “तुझ्याकडे कुणी आलं तर ही त्याला जेवायला बोलवेल. फाल्गुनात मी गाडी घेऊन येतो. आता वाद नको.”

 बाई आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी ओट्याच्या कडेला उभा राहून बाही उगाच झटकत होतो. एका बाईचं घर माझ्या हावरटपणापायी जाणार होतं, आणि हावरटपणा भाकरीचा नव्हता हे फक्त मलाच ठाऊक होतं.

परतताना आम्ही मोर्शीला पोचलो. तिथे चहाला थांबलो. कप अर्धा झाल्यावर उस्ताद म्हणाले, “कुत्री नाई बिघडली. चोर बिघडला.” मी सगळं कबूल केलं, खिशातल्या भाकरीसकट. वाटलं, आता हाकलतील. पण ते बराच वेळ रस्त्यावरचे संत्र्याचे ट्रक पाहत राहिले. मग म्हणाले, “मले सांग, बाईले लुटलं ते कोण होते? पाणी मांगून पेले. गोड बोलले. मंग ढकललं. अनोळखी माणसावर तं गल्लीतलं कुत्रंही भुंकते. बाईच्या दारात कोणीही येईन, आणि बाई त्याले खाऊ घालीनच. ते काई आपल्याच्यानं बदलत नाई. मंग कुत्रीले काय शिकवा लागते? का खाऊन-पिऊन उठलेला माणूसही चोर निघू शकते.”

“मग कोण शिकवणार तिला?” मी विचारलं.

“तूच. तिच्या इतक्या जवळचा दुसरा चोर आपल्यापाशी कुठं हाये?”

त्यांनी दुसऱ्या दिवशी बाईंना फोन करून सगळं नीट समजावलं. एक दिवस हा येईल, जेवेल, आणि मग तुमचा हात धरून ओढेल. दिवस सांगणार नाही. तुम्ही ‘धर’ म्हणायचं, आणि मनापासून म्हणायचं.  बाईंनी विचारलं, “त्याले लागन का?” उस्ताद म्हणाले, थोडंसं. तर बाई म्हणतात, “मंग जेवण झाल्यावरच करा मनाव. आधी नोको.”

पहिल्या दोन खेपांना मला जमलंच नाही. गेलो, जेवलो, काळतोंडीच्या कानामागे खाजवलं आणि परत आलो. उस्तादांना सांगितलं, बाई आजारी दिसत होत्या. त्यांना ते पटलं नसणार. तिसऱ्या खेपेला डिसेंबरची थंडी पडली होती. मी शर्टाच्या आत घालायची बारीक, कडक बाही डाव्या हातात चढवली आणि वरून जाकीट घातलं. बाईंनी माझ्या जाकिटाकडे एकदा पाहिलं. तीस वर्षं वर्गावर काढलेल्या बाईला आत काय आहे ते कळलं नसेल, असं मला वाटत नाही. पण त्यांनी फक्त रश्शात एक पाटोडी जास्त घातली.

 काळतोंडी नेहमीसारखी माझ्या पायाशी. जेवण झालं, मी हात धुतले, उठलो, आणि बाईंचं उजवं मनगट धरून ओढलं.

काळतोंडी उठली. शेपटी हलवली. तिने माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. आज खेळ जेवणानंतर आहे का, असंच विचारत होती जणू.  बाईंनी मान हलवली, नको अशी. मला तिथेच हात सोडून द्यावा वाटलं. मग मुलाचं ते ‘गाडी घेऊन येतो’ आठवलं. मी ताटाला लाथ मारली. ताट ओट्यावरून खाली दगडावर जाऊन आदळलं. आणि मी ओरडलो, “एकटी राहते ना म्हातारे? पाहू आता कोण येते तुह्या मदतीले!”

असं मी आयुष्यात कोणत्या बाईला बोललो नव्हतो. बाईंचा चेहरा एकदम बदलला. समोर मी नव्हतोच, ती वैशाखातली दुपार होती. त्या खरोखर घाबरल्या, आणि घाबरल्यावर त्यांच्या आतून जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता.

“धर!”

तिने धरलं. जाकिटातून, आतल्या बाहीवर, आणि एक सुळा बाहीच्या कडेच्या वर, कोपराजवळच्या उघड्या मांसात. शेपटी हलत नव्हती. तिचे डोळे माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होते आणि त्यात मला ओळखण्याची एक खूणही उरली नव्हती. मी बाईंचं मनगट सोडलं. लगेच बाई म्हणाल्या, “सोड.” तिने सोडलं. काही मिरवलं नाही, कुठे पळाली नाही. बाईंच्या पुढ्यात आडवी उभी राहिली, माझ्याकडे तोंड करून.

 बाई रडत होत्या. मी म्हणालो, “बाई, माफ करा.” मीही रडत होतो आणि हात दुखत होता म्हणून नव्हे. माझ्या बाहीतून रक्त ओघळताना पाहून त्या एक पाऊल पुढे आल्या, मग काळतोंडीकडे पाहून थांबल्या. चोराला मलमपट्टी करायची नाही, असं उस्तादांनी बजावलं होतं. “जा,” त्या म्हणाल्या. “दवाखान्यात जाय. इथून जा आता.” मी खाली पडलेलं ताटही उचललं नाही. वरूडला डॉक्टरकडे जाऊन टाके घातले, सुई घेतली आणि एका हाताने कशीबशी गाडी हाकत संध्याकाळपर्यंत घरी पोचलो. बायकोने हात पाहिला आणि त्या दिवशी चोरीचा विनोद केला नाही.

त्यानंतर उस्तादांनी मला वरूडला जायला बंदी केली. त्यांनी अकोल्याहून एक ओळखीचा माणूस नेला. तो व्यापारी म्हणून आला, चहा प्याला, बाईंच्या अंगावर गेला. पुढे आणखी एक. दुसरीकडे संत्रा तोडणाऱ्या बायामाणसांना बोलावून, त्यांना घरात-बागेत वावरायला लावून, कुणालाही उगाच दात लावायचा नाही हेही काळतोंडीच्या अंगवळणी पाडलं. हळूहळू तिने स्वतःची एक रीत बसवली. पाहुणा आला की येऊ द्यायचं, बसू द्यायचं, खाऊ-पिऊ द्यायचं. आपण फक्त बाई आणि पाहुणा यांच्या मध्ये बसायचं. हे तिला उस्तादांनीही शिकवलं नव्हतं.

तोडणी चालू असतानाच एक प्रसंग घडला. मी तिथे नव्हतो. बाईंनी फोनवर सांगितलं ते असं. मजूर बागेच्या पलीकडच्या टोकाला होते. दुचाकीवर दोघं आले, ट्रक लावायचा आहे, रस्ता कोणता म्हणाले, आणि पाणी मागितलं. “तेच होते का हो, बाई?” मी विचारलं. “मले नाई माहीत बाबू. तोंडाले फडके बांधून होते, पेताना जरासेच वर केले. पण म्या पाणी देल्लं.” एक जण पाणी पीत राहिला, दुसरा बोलत बोलत ओट्यावर चढला आणि त्याने बाईंच्या खांद्याला हात घातला. “मी म्हटलं, धर. तिनं धरलं. तो बोंबलला. गडवा घेऊन उभा होता तो पळाला. मंग मी म्हटलं, सोड. सोडलं तिनं. हाही पळाला. चप्पल इथंच पडून हाये त्याची.” एवढं सांगून त्या अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, “दोन्ही शब्द मी मोठ्यानं म्हटले बरं का.”

मुलगा आला. ओट्यावरचे रक्ताचे थेंब, ती चप्पल, आईचा चेहरा, सगळं पाहिलं. दोन दिवस राहिला. जाताना उस्तादांना फोन करून म्हणाला की गाडी सांगितली होती ती रद्द केली आहे. आई इथेच राहील. उस्तादांनी हे मला दुकानात येऊन सांगितलं. मी वेल्डिंगचा काळा चष्मा डोळ्यांवर ओढून घेतला आणि नुसतंच म्हणालो, “बरं झालं.”

मार्चमध्ये बाईंनी जेवायला बोलावलं. उस्ताद म्हणाले, जा, आता हरकत नाही, चोर म्हणून तुझं तिथलं काम संपलं. मी गेलो. काळतोंडी फाटकाशी आली, भुंकली नाही. मी तिला हाक मारली. कान हलले, बाकी काही नाही. मी ओट्यावर बसलो, बाई समोरच्या खुर्चीत, आणि ती येऊन बरोबर दोघांच्या मध्ये बसली, पाठ बाईंकडे, तोंड माझ्याकडे. जेवताना मी सवयीने भाकरीचा तुकडा मोडून तिच्याकडे केला. तिने तो हुंगलाही नाही. माझा हात जरा पुढे गेला तशी तिच्या वरच्या ओठाची कड थोडीशी उचलली गेली. मी हात मागे घेतला.

बाईंना वाईट वाटलं. “तिले सांगू का मी? सांगतलं तं ऐकन ते.”

“नका सांगू, बाई,” मी म्हणालो. “अगदी बरोबर करून राहिली आहे ती.” खरंच तसं वाटत होतं, आणि वाईटही वाटत होतं. दोन्ही एकदम असू शकतं.

जेवणं झाली. बाई तोडणीचं सांगत होत्या, पुण्याच्या नातवाचं सांगत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, “तुले एक सांगू? ते लोकं आल्ते ना पह्यल्यांदा, त्या दिवसापासून मी दुपारी कधी डोळा लावला नाई. डोळा मिटला का गाडीचा आवाज याचा कानात.” मग दुसरंच काही सांगू लागल्या. आवाज हळूहळू बारीक होत गेला, वाक्य अर्ध्यात राहिलं. मी पाहिलं तर बाईंची मान खुर्चीच्या पाठीला टेकली होती. भरदुपारी, उघड्या दाराशी, त्या झोपल्या होत्या.

मला दुकानात परत जायचं होतं. उठायला म्हणून जरा हललो, तर काळतोंडी चारी पायांवर उभी राहिली. मी उठलो असतो तर ती भुंकली असती आणि बाई जाग्या झाल्या असत्या. मी पुन्हा बसलो. तीही बसली. बाईंचा चष्मा घसरत घसरत नाकाच्या शेंड्यावर आला होता, आता पडेल, मग पडेल असं होत होतं. पुढे होऊन तो अलगद काढून ठेवावा असं मला फार वाटलं. पण बाईंकडे माझा हात जाऊ द्यायचा नाही, हे मीच तिला शिकवलं होतं. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो, आणि बाई चांगल्या तासभर झोपल्या.